सोडलेले कुठे जाते?

कांदेनवमी झाली. घरोघरी भज्यांचे घाणे निघाले, कांद्याची थालीपिठे लागली, झणझणीत झुणका आणि चुलीवर भाजलेल्या वांग्याचे भरीत एकाच ताटात आले, आणि आता आषाढी एकादशीपासून कांदा, लसूण आणि वांगे या तिघांना अनेक घरांत चार महिन्यांची रजा. बाहेर रान हिरवे धरू लागले आहे, सोयाबीन डवरणीला आले आहे, अधूनमधून पेरलेल्या तुरीच्या ओळी ओळखू येऊ लागल्या आहेत. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी मालेगाव, शिरपूर, रिसोड असा आपला वाशिम जिल्हा ओलांडून केव्हाच पुढे गेली आणि तिच्यामागे चार पावले चालून माघारी फिरलेले आपण आता घरच्या घरी एका वेगळ्या वारीची तयारी करतो आहोत. या वारीला दिंडी नाही, पताका नाही. रात्रीची जेवणे उरकल्यावर घरात कुणीतरी विचारते, ‘यंदा काय सोडणार?’ आणि तिथून ती सुरू होते.

नेमांची यादी मोठी मनोरंजक असते. कुणी पानावर जेवतो, कुणी जेवताना अवाक्षर काढत नाही, कुणी गादी गुंडाळून सतरंजीवर अंग टाकतो, कुणी धरणे-पारणे करतो, म्हणजे एका दिवशी उपास आणि दुसऱ्या दिवशी जेवण. देवापुढे रोज तेहेतीस गोपद्मे काढणारी आजी खेड्यांतून अजून सापडते. ज्यांना यातले काहीच झेपत नाही ते चहातली साखर सोडतात, आणि पहिल्या चार दिवसांतच आपण साखर सोडल्याचे घरादाराला तीनतीनदा सांगून मोकळे होतात. जुन्या जाणत्यांनी तर महिन्यामहिन्याची वाटणी करून ठेवली आहे. श्रावणात पालेभाजी नको, भाद्रपदात दही नको, आश्विनात दूध नको, कार्तिकात द्विदल धान्य नको. वांग्याची रजा काही घरांत कार्तिकी एकादशीलाही संपत नाही. मार्गशीर्षात चंपाषष्ठी येते, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला जातो, आणि मगच वांगे पुन्हा मानाने चुलीवर चढते.

यामागची कारणे शोधू गेले तर सापडतात. पावसाळ्यात पालेभाजीला माती आणि अळ्या, वांग्यात कीड, अंगातली पचनाची शक्ती मंदावलेली. शिवाय हंगाम असा, की बियाण्याला आणि खताला पैसा गेलेला आणि हाती पीक यायला अजून तीन महिने. अशा दिवसांत ताटातला एखादा पदार्थ कमी झाला तर घराला बरेच वाटणार. पण नुसत्या पोटाच्या हिशोबाने हा चातुर्मास इतकी शतके टिकला असेल असे वाटत नाही. पोटाचा हिशोब वैद्याने सांगितला की माणूस आठवडाभर ऐकतो आणि सोडून देतो. नेम मात्र तो चार महिने पाळतो, कारण नेम कुणाच्या तरी साक्षीने धरलेला असतो.

सोडण्याचा हा ऋतू एकट्या एका पंचांगाचा नाही, हे आपल्या जिल्ह्यात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. आषाढी पौर्णिमेपासून बौद्ध विहारांत वर्षावास सुरू होईल. संध्याकाळी पांढरी वस्त्रे नेसलेल्या उपासिका जमतील आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालेल. भिक्खू पावसातही फिरत राहतात, कोवळे गवत आणि बारीक जीव त्यांच्या पायांखाली चिरडतात, अशी लोकांची कुरकुर कानावर आली तेव्हा बुद्धाने संघाला पावसाळ्यात एका जागी राहायला सांगितले, असे विनयपिटकात आहे. जैन मुनीही याच कारणाने चार महिने पाय थांबवतात. म्हणजे या ऋतूत पहिला त्याग चालण्याचा आहे, आणि तो मुंगीसाठी आणि गवताच्या पात्यासाठी केलेला आहे. मंगरूळपीरला, कारंज्याला रमजानचा महिना चांद्रवर्षाप्रमाणे ऋतू बदलत येतो, कधी भर उन्हाळ्यात, कधी थंडीत. वसईचे मराठी बोलणारे ख्रिस्ती राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ धरतात. रविवार वगळले तर त्याचे दिवस चाळीस भरतात. कुणी मांस सोडतो, कुणी दारू, कुणी तंबाखू. गोव्यात त्याआधी इन्त्रुजचे तीन-चार दिवस खाणेपिणे आणि नाचगाणे उसळते. आपली कांदेनवमी हे त्याच इन्त्रुजचे सोवळ्यातले भावंड म्हणायला हरकत नाही. सोडण्यापूर्वी एकदा पोटभर, ही माणसाची जात कुठेही गेले तरी सारखीच.

सारखेपणा इथेच संपत नाही, आणि आज ज्याकडे लक्ष वेधायचे ते पुढेच आहे. या प्रत्येक परंपरेत सोडणे हा अर्धाच विधी मानला आहे. चातुर्मासाचा नेम उद्यापनाखेरीज पुरा होत नाही. जी वस्तू चार महिने वर्ज्य केली ती कार्तिकात आधी दुसऱ्याला द्यायची आणि मग आपण तोंडात घालायची, ही जुनी रीत. रमजानचे रोजे झाले तरी ईदच्या नमाजाआधी फित्रा गरिबाच्या हाती पडला पाहिजे. वर्षावासाच्या अखेरीस कठीण चीवरदान होते, भिक्खूंना वस्त्र दिले जाते. आणि भाद्रपदात दिगंबर जैनांचे दशलक्षण पर्व येते. त्यातला आठवा दिवस उत्तम त्यागाचा. त्या दिवशी मंदिरांत प्रवचन कशावर होते? चार दानांवर. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. त्यागाचा दिवस आणि विषय मात्र दानाचा, यात जैन श्रावकाला काही विसंगती वाटत नाही, कारण त्याच्या हिशोबी हातातून सुटलेली वस्तू कुणाच्या तरी ओंजळीत पडली तरच तो त्याग.

शास्त्रदानाचे फळ पाहायचे तर आपल्याला जिल्ह्याबाहेर जायला नको. कारंजा लाड हे गाव आपल्यापैकी पुष्कळांना नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ठाऊक आहे. गुरुमंदिरात जाणारा माणूस दर्शन घेतो आणि परतीची एसटी पकडतो. पण याच गावात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची जैन मंदिरे आहेत, आणि तिथल्या शास्त्रभांडारांत पिढ्यान्‌पिढ्या हस्तलिखिते जपली गेली. ही हस्तलिखिते भांडारांत आली कशी, याची हकीकत त्यांच्या शेवटच्या पानांवर सापडते. व्रत पुरे झाले की श्रावक-श्राविका लेखनिकाकडून एखाद्या ग्रंथाची नक्कल करून घेत आणि मुनीला किंवा मंदिराला देत. शेवटी नाव, तिथी, गाव आणि ‘ज्ञानावरणी कर्माच्या क्षयासाठी’ अशा अर्थाची ओळ. कुणा बाईने वर्ष-दोन वर्षे उपास केले असतील, घरातून चार नाणी बाजूला टाकली असतील, आणि त्यातून पोथी उतरली असेल. तिला स्वतःला ती वाचता येत होती की नाही कोण जाणे. पण विसाव्या शतकात विद्वानांनी कारंज्याची भांडारे उघडून पाहिली तेव्हा त्यांतून अपभ्रंश भाषेतले वाङ्मय उजेडात आले. दहाव्या शतकातल्या पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ हे काव्य प. ल. वैद्यांनी १९३१ मध्ये, तर ‘णायकुमारचरिउ’ अमरावतीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या हिरालाल जैन यांनी १९३३ मध्ये संपादून छापले. मराठी ज्या भाषेच्या कुशीतून आली तिचा अभ्यास या ग्रंथांवाचून लंगडा राहिला असता. कुणा अनाम श्राविकेने उपासाच्या जोडीने केलेले दान इतक्या शतकांनी भाषेच्या इतिहासाला पोचले. चहातली साखर सोडून इतके होणार नाही, हे कबूल. पण ती साखर कुणाच्या चहात पडली, एवढे तरी विचारता येते.

औषधदानाचे उदाहरण खुद्द वाशिमात उभे आहे आणि ते जैनांचे नाही. आपण सगळे ज्याला मिशन हॉस्पिटल म्हणतो ते रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल १९३८ मध्ये नॅझरीन पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी सुरू केले. डॉ. ऑर्फा स्पायकर नावाच्या अमेरिकन बाईंनी ते उभारले आणि आयुष्याची कितीतरी वर्षे त्या तिथे राबल्या. या पंथात चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा फारसा गाजावाजा नसे. पण त्यांच्या मंडळ्यांतून एक साधी चाल रुजवली गेली होती. आठवड्यातले एखादे जेवण सोडायचे, तो वेळ प्रार्थनेला द्यायचा आणि त्या जेवणाला लागले असते तेवढे पैसे परदेशातल्या कामासाठी पेटीत टाकायचे. दूरदेशीच्या लोकांनी न खाल्लेल्या जेवणांचा वाटा त्या निधीत होता, आणि तो निधी जिथे जिथे पोचला त्यांत आपले वाशिमही होते. वऱ्हाडातल्या अडलेल्या बाळंतिणीला आणि साप चावलेल्या शेतमजुराला याचा पत्ता असण्याचे कारण नव्हते. उपास करणाऱ्यालाही वाशिम नकाशावर कुठे आहे हे माहीत नसेल. ज्यांनी सोडले आणि ज्यांना मिळाले त्यांची गाठ पडावी लागत नाही. मधली वाट मात्र कुणाला तरी बांधावी लागते.

ती वाट आपल्याकडे बुजत चालली आहे. नेम राहिला, उद्यापन आकसले. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आजची नाही, पण तिला आता दुकानांची साथ मिळाली आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, उपासाची बिस्किटे यांची बेरीज केली तर एकादशीचा खर्च द्वादशीपेक्षा वर जातो. दुसरीकडे उपासाला आता वजनाच्या काट्याचे वळण लागले आहे. सोळा तास पोट रिकामे ठेवणारी तरुण मंडळी घड्याळ लावून बसतात, आणि त्यात गैर काहीच नाही. तब्येत सांभाळणे हाही धर्मच. पण त्या सोळा तासांचा सगळा नफा आपल्याच खात्यावर जमा होतो. चातुर्मासाचा नफा दुसऱ्याच्या खात्यावर टाकायचा होता, हे मात्र आपण सोयीस्कर विसरलो.

सोडण्याचीही चढण आहे. मीठ आणि साखर ही पायरी तशी खालचीच, तरी आपल्याला तीच चढवत नाही. २०२२ च्या पावसाळ्यात आचार्य विद्यासागर महाराजांचा चातुर्मास आपल्याच शिरपूर जैन येथे झाला. सीमाभागातल्या सदलगा गावी १९४६ मध्ये जन्मलेल्या या मुनींनी मीठ आणि साखर आयुष्यभरासाठी वर्ज्य केली होती. दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत पडेल तेवढाच आहार. त्या चार महिन्यांत शिरपूरला लोटलेल्या गर्दीने ते जवळून पाहिले. पण त्याच गर्दीला त्याच गावात आणखी एक गोष्ट दिसत होती. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराला कुलूप होते.

त्या मूर्तीची ख्याती सर्वांना माहीत आहे. ती जमिनीला टेकत नाही, अधांतरी आहे, एके काळी तिच्याखालून घोडेस्वार जाई, आता कापड तेवढे सरकते, असे भाविक सांगतात. दिगंबर आणि श्वेतांबर दोघांचीही तिच्यावर सारखीच श्रद्धा, आणि भांडण नेमके त्यामुळेच. १९०५ मध्ये दोन्ही पंथांनी आपसांत पूजेच्या वेळा वाटून घेतल्या होत्या. ती समजूत टिकली नाही. मूर्तीवरच्या लेपावरून वाद पेटला, खटला नागपूर ओलांडून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९२९ मध्ये तिथे निकाल झाला. त्यानेही समाधान झाले नाही. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये निघाले. एक अख्खी पिढी छोट्या झरोक्यातून दर्शन घेत म्हातारी झाली. अन्न सोडणारी, वस्त्र सोडणारी, घरदार सोडणारी माणसे ज्या परंपरेने जगाला दिली, तिच्याच दोन शाखांना ‘आमचे’ हा एक शब्द सोडता आला नाही. यात जैन समाजाकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाच नाही. बांधाच्या हातभर जमिनीपायी सख्ख्या भावांचे दावे वाशिमच्या न्यायालयात तारखांवर तारखा घेत पडून असतात, आणि दोन्ही भावांनी दर चातुर्मासात वांगे मात्र न चुकता सोडलेले असते.

एक गोष्ट इथेच बोलून टाकली पाहिजे, नाहीतर हे सगळे लेखन पोट भरलेल्यांचे होईल. सोडण्याचे पुण्य ज्याच्याकडे आहे त्यालाच. श्रावणात ज्या मजुराच्या घरी तेलाची बाटली आठवडाभर पुरवायची असते त्याला त्याग शिकवणे हा निर्दयपणा आहे. आपल्या घरांतही वर्षानुवर्षे सर्वांत जास्त सोडले ते बायकांनी, आणि त्यातले पुष्कळसे त्यांच्याकडून सोडवून घेतलेले होते. सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर उरलेल्यावर भागवणे याला आपण व्रत म्हणून गौरवले. विधवेकडून तर कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र सारे काढून घेतले आणि तेही धर्माच्या नावाने. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसे करायला सांगितले. आपल्या गावाने तो ठराव केला का, आणि केला असेल तर पाळला का, हे आषाढीच्या कीर्तनानंतर पारावर विचारण्यासारखे आहे. एखादी रूढीच सोडायची असेल तर ही सोडावी.

देशानेही कधीकधी आपल्याकडे सोडणे मागितले आहे, आणि आपण दिले आहे. १९६५ मध्ये धान्याचा तुटवडा आणि डोक्यावर युद्ध अशा काळात लालबहादूर शास्त्रींनी सोमवारचे रात्रीचे जेवण सोडण्याची विनंती केली. श्रावणी सोमवारची सवय असलेल्या घरांना ते परके वाटले नाही. म्हातारी माणसे अजून त्या सोमवारांची आठवण काढतात. अगदी अलीकडे, २०१५ मध्ये, ऐपत असलेल्यांनी गॅस सिलिंडरवरचे अनुदान सोडावे असे आवाहन झाले आणि वर्षभरात एक कोटीहून अधिक ग्राहकांनी ते सोडले. त्या वेळी सोडणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगितली गेली, की तुमच्या अनुदानातून एका गरीब घरात नवी शेगडी पेटेल. ती योजना पुढे किती चालली, सिलिंडरचा भाव कुठे गेला, हा वेगळा विषय आणि त्यावर कडक बोलता येईल. पण माणसे सोडायला तयार होतात ती कुणाला मिळणार हे कळल्यावर, एवढे त्यातून दिसले.

पूर्वी खेड्यांत मुष्टिफंड असे. दळणाला बसताना घरची बाई जात्याशेजारच्या मडक्यात एक मूठ धान्य बाजूला टाकी. महिन्याने ते मडके शाळेच्या बोर्डिंगात जाई आणि परगावची पोरे त्यावर शिकत. कुणाच्या ताटात मुठीने काही कमी झाल्याचे ऐकिवात नाही. जाती गेली, मडकी गेली, पण आपल्या जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळा नुकत्याच उघडल्या आहेत. पुस्तके सरकार देते. वह्या, छत्री, कंपास, पावसात टिकेल अशी चप्पल यांची सोय घरच्यांनी करायची असते, आणि हा महिना शेतकरी-मजुरांच्या घरात सर्वांत ओढीचा. उद्यापनासाठी कार्तिकापर्यंत थांबलेच पाहिजे असेही नाही.

तेव्हा यंदाचा नेम धरताना एक रिकामा डबा धुऊन ठेवू या. वांग्याचे पैसे, साखरेचे पैसे, सोडलेल्या पानमसाल्याचे पैसे त्या त्या दिवशी त्यात पडू द्यावेत, चिल्लर असली तरी. डबा कोणत्या शाळेच्या, कोणत्या दवाखान्याच्या, कोणत्या शेजाऱ्याच्या दारी न्यायचा हे आजच रात्री जेवताना घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवून टाकावे. मुलांनाही विचारावे. वर्गात छत्री कुणाकडे नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.